देवचाराला आलेली अंतिम सूचना

आयुष्यात मी एकदाच पोटतिडकीने खरं बोललो, आणि त्या दिवशी मला दुपारचं जेवण मिळालं नाही. तेव्हापासून त्या वाटेला मी फारसा जात नाही.

आमचं पोयनाळ देवगड आणि मालवण यांच्या मधे कुठेतरी आहे. कुठेतरी म्हणायचं कारण असं, की रस्त्याचं खडीकरण करायची वेळ आली की देवगडवाले म्हणतात ते मालवणात, आणि मालवणवाले म्हणतात ते देवगडात. गावात मला तोंडावर परशुतात्या म्हणतात आणि पाठ वळली की थापाडो. दोन्ही नावं मला मान्य आहेत. चाळीस वर्षं होडीवर काढली. त्यात एकदा एका मुशीने माझा रेडिओ गिळला. मुशी म्हणजे शार्क, पण आमच्या पाण्यात तिला एवढं मोठं नाव कोणी देत नाही. तर त्या मुशीच्या पोटातून आठ दिवस बातम्या ऐकू येत होत्या, आणि नवव्या दिवशी तिने वादळाचा इशारा दिल्यामुळे गावच्या बारा होड्या वाचल्या. हे खोटं आहे हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं, आणि त्याला ते ठाऊक आहे हे मला ठाऊक असतं. थाप मारणारा समोर बसलेला पाहिजे, त्याचं तोंड दिसलं पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने हसून उठून घरी जाताना त्याचा खिसा होता तसाच राहिला पाहिजे. एवढी लाज ज्याला नाही त्याने थापेच्या धंद्यात पडू नये.

हे सगळं आधी सांगतोय, कारण पुढे ज्यांच्याबद्दल लिहायचंय ते आमच्याच जातीचे म्हणवतील. नाहीत. गटारातला बेडूक आणि खाडीतला तांबोसा मासा दोघेही पाण्यात राहतात, एवढंच साम्य.

सुगंधा ही माझ्या दिवंगत मित्राची, सत्यवानाची बायको. सत्यवान जाऊन नऊ वर्षं झाली. मुलगा धनेश मुंबईला नोकरीत. तिने घरामागच्या मांगराच्या, म्हणजे जुन्या कोठाराच्या, दोन खोल्या केल्या, जोडून संडास-बाथरूम बांधलं, दारावर ‘सुगंधा न्याहारी निवास’ अशी पाटी लावली आणि कोल्हापूर-पुण्याची माणसं उतरवायला सुरुवात केली. माझं तिथे काम काय? दुपारी खळ्यातल्या, म्हणजे अंगणातल्या, बाकड्यावर बसायचं आणि पाहुण्यांना गजाली सांगायच्या. मोबदल्यात पानभर जेवण. माझ्या मुशीसाठी एकदा इचलकरंजीचं एक कुटुंब एक दिवस जास्त राहिलं होतं, हे सुगंधा स्वतः कबूल करते, आणि ती सहसा माझ्या बाजूने काही कबूल करत नाही.

चैत्र होता. पाहुणे समुद्रावर गेले होते, चुलीवर तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं होतं आणि मी वासावर डोळे मिटून बसलो होतो. तेवढ्यात बाबली पोस्टमन आला.

बाबली तीस वर्षं आमच्याकडे टपाल वाटतोय. त्याने या गावात नोकरीची पत्रं आणली, मनीऑर्डरी आणल्या, मेल्याच्या तारा आणल्या. एक कागद इकडचा तिकडे केला नाही. त्यामुळे गावाचा असा समज झालाय की बाबलीच्या पिशवीतून निघालं ते खरं. हा समज त्या चोरांना कुठून कळला देव जाणे. पण चार-पाच रुपयांच्या तिकिटात ते बाबलीची तीस वर्षांची अब्रू भाड्याने घेत होते.

“सुगंधा, सही नको गो, साधा टपाल आसा,” बाबली म्हणाला. “पण भायर लाल अक्षरांनी लिवलेला आसा. बेगीन बघ.”

तिने पदराला हात पुसून लखोटा फोडला आणि मटकन खाली बसली.

“परत? दिवाळीक भरलंय, शिमग्याक भरलंय. आता ह्या कसला?”

कागद मी घेतला. वर तीन सिंह होते. म्हणजे लांबून सिंह. जवळ नेले की तीन मांजरं एकमेकांकडे पाठ करून बसलेली. खाली मोठ्या ठशात ‘अखिल किनारपट्टी व्यवसाय नोंदपुस्तक केंद्र’. त्याखाली ‘देयक’. त्याखाली लाल चौकटीत ‘अंतिम सूचना’. मग मजकूर: ‘नूतनीकरणाअभावी आपल्या निवासाची नोंद वगळण्यात येत आहे. रक्कम पंधरा दिवसांत न भरल्यास होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.’ परिणाम कोणते, ते लिहिलं नव्हतं. घाबरायचं काम त्यांनी वाचणाऱ्यावरच सोपवलं होतं. आळशी माणसं! मी मुशी सांगतो तेव्हा तिचे दात किती ते तरी सांगतो.

“ह्या एकदा भरतंय,” सुगंधा म्हणाली, “मे महिनो काढतंय आणि खोल्यांक कुलूप घालतंय.”

मी कागदावरून मान वर केली.

“धनेश कधीपासून म्हणता, आवशी, मुंबयक ये. सारिका कामार जाता, नातीक सांभाळूक माणूस व्हया. हयसर दिवसभर राबायचा, लोकांची अंथरुणा धुवायची, आणि सगळा सरकाराक भरायचा. कित्याक? मिया थकलंय, तात्यानू.”

सुगंधा थकली असं मी नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. सत्यवान गेला त्याच्या तेराव्याला हिने स्वतः विळीवर मासे कापले होते. आणि ही बाई तीन मांजरांपुढे हरणार? ती गेली तर त्या दोन खोल्यांत वटवाघळं राहतील. शिवाय, खरं तेच लिहितो, मी जेवणार कुठे?

मी तो कागद उन्हात धरला. तळाशी, चौकटीच्याही खाली, फिकट राखाडी रंगाची एक रेघ होती. डोळ्याला लावून पाहिली की त्या रेघेची अक्षरं व्हायची. मुंगीने शाईत पाय बुडवून चालावं तशी. मी मोठ्याने वाचली: “हे देयक नसून आमच्या नोंदपुस्तकात नाव छापण्याचा प्रस्ताव आहे. रक्कम भरणे बंधनकारक नाही. या केंद्राचा कोणत्याही शासकीय कार्यालयाशी संबंध नाही.”

“सुगंधा,” मी म्हटलं, “ह्या बिल न्हय. जाहिरात आसा ही. फुकटखाऊंची. एक पैसो भरू नको.”

तिने माझ्याकडे पाहिलं. पाहुण्यांची पोरं मुशीच्या गोष्टीनंतर बघतात तसं.

“आणि ती रेडिओवाली मुशी काय म्हणता?”

“गो, देवाशपथ सांगतंय!”

“परवा त्या पुणेकरांकाय देवाशपथच सांगलात.”

“ही बघ ना ओळ. खाली.”

तिने कागद लांब धरला, जवळ धरला. “माका रेघ दिसता. अक्षरा खंय आसत?”

“बाबल्या, तू बघ.”

बाबलीने खिशातून चष्मा काढला, फुंकर मारली, पुसला, लावला. “रेघच आसा ती, तात्या.”

“फोनार फोटो काढ आणि मोठो करून बघ गो!”

“तुमच्या नादाक लागान तिसऱ्ये करपतले,” सुगंधा उठली. तिच्या आवाजात आता रडणं नव्हतं, राग होता. “माझा घर जाता हा हयसर आणि तुमका गजाली सुचतत? सरकारी कागदाची मस्करी! जावा घराक. आज काय नाय वाढूचा हा माका.”

बाबली चष्मा पेटीत ठेवता ठेवता म्हणाला, “खरा आसा तिचा, तात्या. सगळ्याच बाबतीत कित्याक थापे मारूचे?”

मी घरी गेलो. काल रात्रीची पेज होती, ती प्यालो.

त्या पेजेने माझं डोकं तापलं. विचार करा. ज्याचा चेहरा कोणी पाहिला नाही, ज्याचा पत्ता म्हणजे कुठल्या तरी शहरातली एक टपालपेटी, त्याच्या छापील थापेवर अख्खं गाव विश्वास ठेवतं. आणि ज्याच्या थापांवर हे गाव साठ वर्षं पोट धरून हसलं, तो एकदा खरं सांगतोय तर त्याला उपाशी घालवतात. छापलं की झालं! गाढवाच्या शेपटीला शिक्का बांधून सोडलं तर आमचे लोक त्या गाढवाला अर्ज देतील. बरं, मी शंभर वेळा सांगितलं तरी उपयोग नाही हे मला कळत होतं. म्हणून मी ठरवलं, त्यांच्याच तोंडून त्यांची थाप वदवायची.

सुगंधाच्या लखोट्यात आणखी एक कागद होता, ‘माहिती अद्ययावत पत्रक’, आणि सोबत परतीचा लिफाफा, टपालखर्च त्यांचा. लिफाफ्यावर तिचा नोंद क्रमांक छापलेला. ते दोन्ही तिने केरात टाकलं होतं. केर टाकायच्या खड्ड्यातून काढायला मला लाज वाटली नाही. आता तर आम्ही दोघं, मी आणि ते केंद्र, एकाच पातळीवर होतो.

पत्रक मी भरलं. नाव: श्री. देवचार. पत्ता: वडाखाली, खालची वाडी, पोयनाळ. व्यवसाय: रखवाली. स्थापना: गावाच्या आधी. कामगार: नाहीत.

देवचार हा आमच्या वाडीचा राखणदार. वडाच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला दगड आहे, तो त्याचा. रोज फिरून तो गावाची हद्द राखतो म्हणून दरवर्षी त्याच्यापुढे कातड्याच्या नव्या चपला ठेवतात, आणि वर्षभरात त्या झिजलेल्या सापडतात. कोण झिजवतो याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. त्याच्या आणि माझ्या पायाचं माप एकच आहे, एवढं पुरे.

माझा हिशोब सरळ होता. देवचाराला बिल आलं की गाव हसेल, आणि हसणाऱ्याला कोणी लुटू शकत नाही. लिफाफा मी पेटीत टाकला आणि वाट पाहत बसलो. सुगंधाची मुदत शुक्रवारी संपत होती. मंगळवारपर्यंत काही नाही. बुधवारी सकाळी बाबली सायकल हातात धरून माझ्या दारात उभा. घामाने निथळत होता.

“तात्या, देवचाराक टपाल इला हा.”

“मगे?” मी मिशीत हसत विचारलं. “दी तेका.”

“दिलंय,” तो म्हणाला. “पत्तो बरोबर आसा, मालक जागेर आसा, तेव्हा माका टाकूक व्हयाच. दगडार ठेवलंय आणि वर नारळ ठेवलंय, उडू नये म्हणान. पण तात्या…” तो माझ्या कानाशी आला. “लाल अक्षरांचा आसा. अंतिम सूचना.”

मी हसायला तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बाबली हसत नव्हता. भीतीने त्याचा पांढरा झालेला चेहरा मी बघितला आणि मला कळलं, की या गावाच्या अकलेचा अंदाज बांधताना मी तिला फारच वर धरलं होतं.

दुपारपर्यंत बातमी वाडीभर. आता तुम्ही म्हणाल, लोक म्हणाले असतील, देवाला कोण बिल पाठवतो, काहीतरी फसवाफसवी दिसते. असं म्हणाले असते तर ते पोयनाळचे नव्हेत. लोक म्हणाले, राखणदाराला आलेली सूचना अंतिम आहे, म्हणजे आधीच्या सूचना आपण पाहिल्या नाहीत, म्हणजे चूक आपली. गावाचे मानकरी गंगाराम गावकार धोतर सावरत माझ्याकडे आले.

“परशुराम, राखणदाराचो कारभार आपणच बघूक व्हयो. तेची नोंद काढून टाकली तर हद्द कोण राखतलो?”

“गंगाराम, अरे दगडाक कसली नोंद?”

“दगड म्हणू नको!” ते माझ्या अंगावर आले. “वर्गणी काढूचा ठरलेला आसा. घरटी शंभर. तूय दी.”

मी शंभर दिले. तो माझ्या आयुष्यातला सर्वांत अपमानास्पद शंभराचा कागद.

गुरुवारी चार वाजता सगळी वाडी वडाखाली जमली. गंगाराम म्हणाले, पैसे भरायच्या आधी राखणदाराचा कौल घ्यायला हवा. कौल म्हणजे दगडावर पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या चिकटवतात आणि देवाला विचारतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि भरायचे कसे, हे गावात एकट्या सुगंधाला ठाऊक, म्हणून तिला फोन घेऊन पुढे बसवली होती. दोनदा भरून तिचा हात बसलेला! गंमत म्हणजे कमरेला तिच्या स्वतःच्या बिलाचे पैसेही होते. देवचाराचं आणि आपलं एकदमच भरून टाकायचं, असं तिने ठरवून ठेवलं होतं. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

गंगारामांनी गाऱ्हाणं सुरू केलं.

“बा देवचारा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळी वाडी.

“आज तुझ्या नावार सरकाराचो कागद इलेलो आसा, म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“लेकरांका काय कळाक नाय, पयल्या सूचना रवल्यो. तर ती चूक पदरात घे. आता पैशे भरूचे काय नको, ह्येचो उजवो-डावो कौल दी म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

आम्ही सगळे पाकळ्यांकडे टक लावून बसलो. ऊन असं होतं, की पाकळ्या दगडावर भाकरीसारख्या भाजत होत्या. पडेनात. बराच वेळ गेला. मग उजव्या पाकळीची कड उचलली. गर्दीतून एक हुंकार उठला. गंगाराम सुगंधाला म्हणाले, “तू तोपर्यंत जुळणी करून ठेव.”

सुगंधाने देवचाराचा कागद गुडघ्यावर पसरला आणि चौकोनी ठिपक्यांच्या चित्रावर फोन धरला. चित्र नीट येईना. तिने फोटो काढला आणि दोन बोटांनी तो मोठा केला. पाहुण्यांनी पैसे भरल्याचा फोटो पाठवला की ती असाच ताणून बघते, आकड्याची खात्री करायला. बोटं थांबली. पुन्हा ताणलं. मग तिने कमरेतून स्वतःचा कागद काढला आणि शेजारी ठेवला.

“गंगारामभावोजी, कौल थांबवा.”

“कौल असो थांबणा नाय गो.”

“थांबवा म्हणतंय ना! ह्यो नंबर माझो आसा.” ती उभी राहिली. “माझो नोंद क्रमांक देवचाराक कसो गेलो? आणि हयसर बघा काय लिवला हा: ‘निवासाचा प्रकार: न्याहारी निवास. खोल्या: दोन. संडास-बाथरूम जोडून.’”

मागून बाबलीची बायको आनंदी म्हणाली, “देवचाराक बाथरूम खंय गो?”

पहिल्यांदा कोण हसलं ते सांगता येणार नाही. मी नव्हतो, माझे डोळे सुगंधाच्या बोटांवर होते. सुगंधा हसत नव्हती. ती फोटो खाली सरकवत होती, अगदी तळापर्यंत, त्या रेघेपर्यंत. तिने ती रेघ ताणली. ओठ हलले. मग तिने ती ओळ वडाखाली सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली, एकेक शब्द, माझ्यापेक्षा किती तरी सावकाश. बंधनकारक नाही. संबंध नाही.

“शिरा पडो तुमच्या तोंडार!” ती त्या कागदाला म्हणाली. “दोनदा! दोनदा भरलंय मिया. माझ्या हातांका साबणाचे फोड इले आणि मिया ह्या मांजरांका पोसलंय!”

आणि मग जे झालं ते पाहून मला माझ्या गावाची जितकी किळस आली तितकीच करमणूकही झाली. गंगाराम घसा खाकरून म्हणाले, “मगे माझ्या आंब्याच्या स्टॉलाचा इल्ला ता…?” त्यांनी दोन वर्षं भरलं होतं. बायकोलाही सांगितलं नव्हतं. सलूनवाला म्हणाला, त्याने एकदा. काजू फोडायच्या कारखान्याच्या मालकिणीने तीनदा. प्रत्येकाने गुपचूप भरलेलं. सरकारचं देणं थकलं हे शेजाऱ्याला कळू नये म्हणून. हीच त्या केंद्राची खरी अक्कल, त्यांच्याकडे जेवढी होती तेवढी. आपला माणूस लाजेपोटी तोंड उघडत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. एकाने दुसऱ्याला नुसतं विचारलं असतं, “तुका इला रे?” तरी चोरांचं दुकान बंद पडलं असतं. पण नाही. आम्ही अब्रूदार!

शेवटी बाबली. तो मान खाली घालून उभा होता.

“आनंदीच्या शिवणाच्या मशिनीचा माकाय इल्ला. भरलंय.”

“मेल्या, तू पोस्टमन ना रे?” सुगंधा म्हणाली.

“मियाच माका आणून दिलंय,” बाबली म्हणाला, “म्हणान खरा वाटला.”

त्यावर जे हसणं झालं त्याने वडावरचे कावळे उडाले. त्याच गोंधळात उजवी पाकळी पडली. गंगाराम दचकून म्हणाले, आता हा होकार कशाचा धरायचा? सुगंधाने देवचाराचा कागद चार घड्या करून त्याच्या चपलेखाली दाबला आणि म्हणाली, “हसाक इला तेका. तोच होकार.”

वर्गणी ज्याची त्याला परत मिळाली. माझ्या शंभराचे पंच्याऐंशी होऊन आले. गंगाराम म्हणाले, नारळ-अगरबत्ती. बाबलीने दुसऱ्या दिवसापासून नवा शिरस्ता पाडला. लाल अक्षरांचा लखोटा कोणाच्या दारात न्यायचा, तेव्हा तो आधी विचारतो, “घेतास का नाकारतास?” नाकारला की वर लिहितो, ‘घेण्यास नकार’, आणि टपाल आल्या वाटेने परत. हा नियम म्हणे पहिल्यापासून होता. तीस वर्षांत कोणी त्याला विचारलं नव्हतं.

आणि परतीचे लिफाफे? वाडीत मिळून सोळा निघाले. त्यांच्या खर्चाने जाणारे. प्रत्येकात आम्ही मूठभर सुकी कोलीम भरली. ही बारीक कोळंबी आमच्या नाकाला अत्तर; बाकीच्यांना तिचा वास तीन भिंती ओलांडून येतो. आठव्या दिवशी ते केंद्र रिकामं झालं, कारकून पळाले आणि त्या खोलीत सोळा शहरी मांजरं येऊन बसली, तिन्ही सिंहांसकट एकोणीस झाली. हे मी कोणाकडून ऐकलं विचारू नका. मला हे आतून माहीत आहे.

सुगंधाने कुलूप घातलं नाही. धनेशला फोनवर म्हणाली, “नातीकच हयसर पाठव सुट्टीत. माका येळ नाय.” तिचे गेलेले पैसे गेले, चोर मनीऑर्डर पाठवत नसतात. मी शुक्रवारी न बोलावता जाऊन बाकड्यावर बसलो. ती भाकऱ्या थापत होती.

“तात्यानू, एक विचारू? ती बारीक अक्षरा तुमच्याच डोळ्यांक कशी दिसली? तुमका तर समोरचो माड दिसणा नाय.”

मी म्हटलं, “गो, होडीवर असताना पापलेटाच्या खवल्यांवर लिवलेला वाची होतंय मिया. सवय.”

“व्हय काय?” ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

तुम्हाला सांगायला हरकत नाही, तुम्ही मला जेवण घालत नाही. दोन वर्षांपूर्वी मलाही आलं होतं. ‘नौका नोंदपुस्तक’. माझी होडी तेव्हा माडाखाली कुजत पडलेली, तिच्यात शेजाऱ्याची कोंबडी अंडी घालायची. तरी मी भरले. लखोट्यावर माझं नाव पूर्ण छापलेलं होतं, आडनावासकट, आणि अकरा वर्षांत मला कोणी पत्र पाठवलं नव्हतं. पैसे भरून झाल्यावर मी तो कागद कौतुकाने रोज काढून वाचायचो. रोज वाचता वाचता एके दिवशी ती रेघ वाचली. म्हणून त्या चोरांवर माझा राग जास्त आहे. माझ्यासारख्या थापाड्याला इतक्या भिकार थापेने फसवलं, याचा.

जेवायला बसलो तेव्हा तिने पानाशेजारी एक घडी केलेला कागद ठेवला. तिच्याच अंतिम सूचनेची पाठकोरी बाजू. वर तिने तीन मांजरं काढली होती. खाली लिहिलं होतं: ‘श्री. परशुरामतात्या यांस. नऊ वर्षांची जेवणं, तिसऱ्या व बांगडे धरून. सोलकढी वेगळी. अंतिम सूचना.’ आणि पुढे एक रक्कम, जी मी माझी होडी, कोंबडी आणि अंडी विकूनही भरू शकलो नसतो.

हात पानातच राहिला. सुगंधा चुलीकडे तोंड करून बसली होती, पाठ जराही हलत नव्हती. मी सगळा कागद परत वाचला. मग तळाशी एक रेघ दिसली. उठलो, खळ्यात जाऊन उन्हात धरली.

‘हे बिल नाही. पण पुन्हा खरं बोललात तर भरावं लागेल.’

तेवढ्यात कोल्हापूरची माणसं आंघोळी करून जेवायला आली. मी पानावर परत येऊन बसलो, घास घेतला, आणि त्यांना विचारलं की मोबाइल गिळलेली मुशी त्यांनी कधी पाहिली आहे का.